पाण्यातील वात्सल्य : गोड्या पाण्यातील मासे पिल्ले कशी सांभाळतात



पावसाळा सुरू झाला की चलथाण परिसरातील तळी व नाले नव्या पाण्याने भरतात आणि माशांचा विणीचा काळ येतो. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे पुराच्या पाण्यात लाखो अंडी सोडून निघून जातात. त्यांतील फार थोडी जगतात. याउलट काही जाती मोजकी अंडी घालतात, परंतु त्यांचा सांभाळ जिवापाड करतात. हा सांभाळ त्या त्या पाण्याला अनुरूप असतो. पाणी एकाएकी बदलले तर तो निष्फळ ठरतो, हे भाविकांच्या ध्यानी यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या परिचयाचा मरळ मासा पावसाळ्याच्या गढूळ, उथळ पाण्यात वितो. अशा पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी असतो. मरळीची जोडी काठालगतचे गवत बाजूला सारून थोडी मोकळी जागा करते. अंड्यांत तेलाचा थेंब असल्यामुळे ती पृष्ठभागावर तरंगतात, म्हणजेच जेथे प्राणवायू अधिक तेथेच राहतात. मरळ स्वतः वर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे पाणी बिघडले तरी तो पहाऱ्यावर टिकून राहतो. एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पुढे त्यांचा तांबूस घोळका पृष्ठभागालगत फिरतो आणि पालक त्याच्या खालून कित्येक दिवस राखण करतात.

दुसरे उदाहरण गोव्यात कालुंदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाचे. केरळमध्ये त्यालाच करीमीन म्हणतात. इ. स. १७९० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी त्याचे वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातील 'सुरातेन्सिस' हा शब्द आपल्या सुरतेवरून आला आहे, ही आपल्यासाठी कौतुकाची गोष्ट. हा मासा खाडीच्या मचूळ पाण्यात तसाच गोड्या पाण्यातही राहतो. त्याची अंडी पाण्याखालील दगडाला वा लाकडाला चिकटलेली असतात. आई व बाप दोघेही पंख हलवून त्यांवर ताजे पाणी खेळते ठेवतात आणि खराब झालेली अंडी काढून टाकतात. अंडी फुटल्यावर पिल्लांना तोंडाने उचलून तळातील खळग्यांत नेतात. ही राखण नजरेवर चालते, म्हणून त्याला स्वच्छ पाणी हवे. पाणी गढूळ झाले की शत्रू दिसत नाही आणि अंड्यांवर गाळ बसतो.

तिसरी रीत चिलापी अर्थात तिलापियाची. आफ्रिकेतील हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात धरते व त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. पिल्ले पोहू लागल्यावरही संकट येताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. अंडी सदैव आईसोबत असल्यामुळे पाण्याची पातळी वर-खाली झाली तरी तिचे फारसे बिघडत नाही. म्हणूनच चिलापी एकदा शिरली की झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांना अन्न व जागा कमी पडते.

आता आपला संबंध. निर्माल्य, पीठ, पोळ्या पाण्यात कुजतात तेव्हा प्राणवायू खर्च होतो. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू तयार करीत नाहीत, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. पालक मासा कितीही पंख हलवो, पाण्यातच प्राणवायू नसेल तर तो अंड्यांना काय देणार? तसेच पंपाने पाणी एकदम उपसले तर काठाजवळची अंडी कोरडी पडतात.

तरी सर्वांस नम्र विनंती की :

१. निर्माल्य व अन्न तळ्यात वा नाल्यात टाकू नये. निर्माल्याचे खत करावे.

२. विणीच्या काळात तळ्याचे पाणी एकदम उपसू नये.

३. पुण्यकर्म म्हणून बाजारातील मासे, विशेषतः चिलापी, तळ्यात सोडू नयेत.

४. तांबूस पिल्लांचा घोळका दिसल्यास तेथे गळ टाकू नये व कोणास टाकू देऊ नये. राखणदार मरळ पिल्लांच्या रक्षणासाठीच गळावर झेपावतो. तो पकडला गेला की पोरकी पिल्ले इतर माशांच्या व पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

भूतदयेचा हा लहानसा आचार प्रत्येकास सहज पाळता येण्याजोगा आहे.



आपला नम्र,
सचिव