आईसाठी सायकलिंग टाइट्स: नागपूरच्या थंडीत काय घ्यावं, काय टाळावं

इअरफोन लावून ऐकत असाल तर स्वागत, आणि ऑफिसच्या बसमध्ये आवाज बंद ठेवून वाचत असाल तरी स्वागत. आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे माझे 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आईमुळे सुचला. आई ५४ वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात शुगर वाढली, डॉक्टरांनी रोज व्यायाम करा सांगितलं, आणि कॉलेजनंतर पहिल्यांदा ती सायकलवर बसली. त्रिमूर्तीनगरहून अंबाझरी, तिथून फुटाळा आणि परत. जून ते नोव्हेंबर एक दिवस चुकला नाही. डिसेंबर लागला आणि सायकल जिन्याखाली उभी राहिली. विचारलं तर म्हणे, "काहून जाऊ एवढ्या थंडीत? गुडघे धरतात माझे."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. मिहानमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधते. म्हटलं, हाही बग तसाच शोधू. रस्ता तोच, वेळ तीच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी थंडी समजून घेऊ

नागपूर समुद्रापासून लांब, हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं सरासरी तापमान १२-१३ अंश आणि दुपारचं २८च्या आसपास. एकाच दिवसात पंधरा अंशांचा फरक! आणि लाट आली की विचारूच नका. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता.

त्यात सायकलवर वारा आपण स्वतःच तयार करतो. विंड चिल काढायचं एक सूत्र असतं, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला थंडी किती जाणवते त्याचं. त्यात ८ अंश तापमान आणि आईचा ताशी १५ किलोमीटरचा वेग टाकला. उत्तर आलं साधारण साडेपाच अंश. फुटाळ्याच्या काठावर आई "हाडात शिरते" म्हणते ते उगीच नाही. त्यात गुडघ्यावर मांडीसारखं जाड मांस नसतं, आणि पॅडल मारताना प्रत्येक वेळी तोच पुढे येऊन वारा झेलतो.

पण एक लक्षात ठेवा. सहाला निघालं की गारठा आणि साडेआठला परत येताना पाठीवर ऊन. म्हणजे पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास, दोन्ही चालतील असा कपडा हवा. आम्ही इथेच चुकलो.

प्रयोग पहिला: सुती लेगिंग

घरात होती ती, वर सलवार. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. अंबाझरीच्या चढावर घाम आला, पुढे उतारावर वारा लागला, आणि ओलं कापड पायाला चिकटून आणखी गार. शिवाय सलवारीचा घोळ चेनमध्ये गेला. काळं ग्रीस अजून निघालं नाही.

प्रयोग दुसरा: बर्डीवरची फरवाली लेगिंग

आतून मऊ, बाहेरून जाड, किंमत कमी. पहाटे आई खूश. आठ वाजता म्हणाली, "भाजून निघाले ग." आणि खरा त्रास वेगळाच होता. दोन पायांच्या मधोमध, नेमकी सीटवर येते तिथे जाड उभी शिवण. दहा किलोमीटरमध्ये इतकं घासलं की दोन दिवस तिला नीट बसता येईना. हे तिने मला लगेच सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी, भाजी निवडता निवडता, खाली बघत सांगितलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आई डिसेंबरात थांबली ती फक्त थंडीने नाही. तिला त्रास होत होता आणि त्याबद्दल बोलायचं कसं हे कळत नव्हतं. आपल्याकडे कितीतरी बायका याच कारणाने सायकल सोडत असतील, आणि आपण समजतो कंटाळा आला. म्हणून पुढचं जरा स्पष्टच बोलते.

पॅडचं काय?

सायकलिंगच्या कपड्यात सीटच्या जागी गादी शिवलेली असते. तिला शॅमी म्हणतात, कारण पूर्वी ती शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्याची असायची. आता फोमची असते. बायकांची बसायची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, म्हणून बायकांसाठीचा पॅड मागे रुंद असतो. भाऊ किंवा नवऱ्याची शॉर्ट्स 'तीच तर आहे' म्हणून चालवू नका. पॅडच्या मधोमध शिवण नको. आणि तासाभराच्या राइडला फार जाड पॅडही नको, तो गोळा होतो आणि गरम होतो.

आणि हो, पॅडच्या आत अंडरवेअर घालायची नाही. तिच्या शिवणी घासतात, घाम अडकतो. आईला हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ किचनमध्ये गेले. पण दोन राइडनंतर तिलाच पटलं. मात्र पॅडचा कपडा प्रत्येक राइडनंतर धुवायचाच, 'उद्या परत घालू' चालणार नाही.

मग घ्यायचं काय?

बाजारात तीन पर्याय दिसतील.

एक, पॅड असलेली जाड टाइट्स. सोपी, पण रोज धुवायची आणि नागपुरात जेमतेम दोन महिने वापरायची.

दोन, बिब टाइट्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली. कमरेला इलॅस्टिक काचत नाही, वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. पण वॉशरूमला जाताना वरचं जॅकेट-टीशर्ट सगळं काढावं लागतं. मागून उघडणारी बिब मिळते, पण महाग.

तीन, आम्ही निवडला तो. बारा महिने चालतील अशा पॅडवाल्या शॉर्ट्स, आणि त्यावरून बिनपॅडची, आतून मऊ लव असलेली टाइट्स. शॉर्ट्स रोज धुवायच्या, टाइट्स दोन-तीन राइडनंतर. ज्यांना लवकर गरम होतं त्यांनी टाइट्सऐवजी लेग वॉर्मर घ्यावेत, म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतच्या सुट्या बाह्या. ऊन आलं की काढून खिशात. लाटेचे दिवस सोडले तर नागपूरला तेवढं पुरतं.

कापड नायलॉन किंवा पॉलिस्टर, सोबत ताणणारा धागा, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. मांडी आणि गुडघ्यावर समोरून वारा अडवणारं कापड, मागून हवा जाऊ देणारं, असं मिळालं तर उत्तम. पुढून-मागून सगळीकडे वारा अडवणारं मात्र नको, साडेआठला आतून ओलं होतं.

ट्रायल रूममध्ये

साइज एस-एम-एल बघून घेऊ नका. घरून कंबर, नितंब, मांडी आणि पायाची आतली लांबी मोजून जा. घातल्यावर आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. हँडल धरल्यासारखं वाका आणि एक गुडघा वर उचला. आता बघा: पाठ उघडी पडते का? कंबर पोटात रुततेय का? गुडघ्यामागे चुण्या पडतात का? कापड ताणल्यावर आरपार दिसतं का? घोट्याशी सैल असेल तर वारा शिरेल आणि कापड चेनला लागेल. घोट्यावर चमकणारी पट्टी असेल तर घ्याच. पाय वर-खाली होतो तशी ती हलते, आणि मागून येणाऱ्या गाडीला अंधारात लगेच दिसते.

धुताना उलटी करून, साध्या पाण्यात. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद कमी होते. आणि वाळवायची सावलीत. आपलं ऊन लायक्राला लवकर ढिलं करतं.

शेवटचा बग

सगळं घेऊन आलो. आईने घातलं, आरशात पाहिलं, म्हणाली, "हे घालून मी गल्लीतून जाऊ?"

याचं उत्तर कुठल्याच साइज चार्टमध्ये नव्हतं. 'लोकांचं काय ऐकतेस' असं म्हणणार होते, पण थांबले. त्या गल्लीत ती तीस वर्षं राहतेय, मी नाही ठरवणार. तिने स्वतःच एक जुनी कुर्ती काढली, मांडीपर्यंत कापली, बाजूचे काप वर नेले, म्हणजे सीटच्या नाकाला अडकणार नाही. टाइट्सवर ती घालून निघाली.

तीन आठवडे झाले. गुडघ्याची तक्रार थांबलीय, शुगरचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात. परवा परतताना तर्री पोह्याच्या गाडीशी थांबलो. ऊन चढलं होतं. आईने कुर्ती काढून हँडलला अडकवली आणि नुसत्या जर्सी-टाइट्समध्ये रांगेत उभी राहिली. मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. फक्त तर्री जास्त मागितली, आणि शुगरला तर्री चालते का यावर घरी येईपर्यंत आमचं भांडण झालं.

तुमच्या घरी कुणाची सायकल जिन्याखाली उभी असेल तर आधी नीट विचारा, नेमकं दुखतं कुठे. टाइट्स त्यानंतर घेता येतात. भेटू पुढच्या भागात!