न उलगडणारी गुणसूत्रे

पावसाळ्यात होस्टेलच्या मागे जे हिरवं-हिरवं साचतं, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि घसरून पडलो की शिव्या घालतो. पण ओल्या मातीला चिकटलेले चपटे, फाटे फुटलेले पापुद्रे दिसले तर नीट बघा. ते लिव्हरवर्ट असू शकतं. ना खरं मूळ, ना फूल. पण जीवशास्त्रातल्या एका मोठ्या शब्दाचा, हेटेरोक्रोमॅटिनचा, जन्म अशाच वनस्पतींमुळे झाला.

भानगड अशी आहे. पेशीचं विभाजन होताना क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, घट्ट गुंडाळली जातात. काम झालं की सैल होतात आणि मायक्रोस्कोपखाली वेगळी दिसेनाशी होतात. एमिल हाइट्झ या जर्मन शास्त्रज्ञांना पेलिया नावाच्या लिव्हरवर्टमध्ये दिसलं, की काही भाग सैल होतच नाहीत, रंग दिल्यावर गडदच राहतात. १९२८ मध्ये त्यांनी या भागांना हेटेरोक्रोमॅटिन म्हटलं. जे सैल होतं ते युक्रोमॅटिन.

पेलिया मोजायलाही सोपं. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, याच्या पेशीत फक्त ९, कारण या वनस्पतीच्या मुख्य शरीरात गुणसूत्रांचा एकच संच असतो.

पुढे १९७० च्या दशकात बँडिंग आलं. स्लाइड बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये, मग गरम क्षारद्रावणात ठेवायची आणि शेवटी गिम्सा स्टेन द्यायचा. इतर ठिकाणचा डीएनए बराच निघून जातो, हेटेरोक्रोमॅटिनमधला टिकतो, आणि तिथे गडद पट्टा उमटतो. पेलिया एपिफिला आणि पेलिया नीसियाना, दोघांची गुणसूत्रं ९च, नुसत्या पानासारख्या भागावरून ओळखायलाही कठीण. पण हेटेरोक्रोमॅटिनची मांडणी वेगळी. म्हणजे बारकोडच म्हणा ना!

मला आधी वाटलं, हा गडद भाग म्हणजे प्रोग्रॅममधला डेड कोड, उडवला तरी चालेल. साफ चूक. बहुतेक सजीवांत सेंट्रोमिअरच्या आजूबाजूला हाच असतो, आणि विभाजनात गुणसूत्रांची वाटणी बरोबर व्हायला तो मदत करतो. काही जीन्स गप्प ठेवण्याचं कामही त्याचंच.

हाइट्झ यांना मात्र १९३७ मध्ये नाझी राजवटीत ज्यू पूर्वजांमुळे हॅम्बर्गमधली नोकरी गमवावी लागली. ते स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले. त्यांनी दिलेला शब्द मात्र आजही प्रत्येक बायॉलॉजीच्या पुस्तकात आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या पावसात घसरलात तर उठण्याआधी एकदा खाली बघा.