मापाची वाटी आणि वाढते मांजर

मांजराच्या पिलाला दिवसाला किती खायला घालावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पहिल्या वर्षात सतत बदलत राहते, आणि हा बदल सरळ चढत जात नाही, ही गोष्ट मांजर पाळणाऱ्या घरांच्या बहुधा उशिरा लक्षात येते. अंग वाढते तसे अन्नही वाढवीत न्यावे, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु पाच महिन्यांच्या आसपासचे दोन किलोचे पिल्लू आणि वर्ष पूर्ण केलेले, निर्बीजीकरण झालेले चार किलोचे मांजर या दोघांची दिवसाची ऊर्जेची गरज ताडून पाहिली, तर निम्म्या वजनाच्या पिलाचीच गरज अधिक भरते. म्हणून खाद्याचे माप आधी झपाट्याने वाढवावे लागते, मग काही काळ स्थिर ठेवावे लागते आणि पुढे एका टप्प्यावर ते जाणीवपूर्वक कमी करावे लागते. हे केव्हा आणि किती करायचे, हे पाकिटावरचा तक्ता किंवा मांजराचे ओरडणे यांवरून नीट कळत नाही. ते मांजराच्या वजनावरून, बरगड्यांवरून आणि कमरेवरूनच ठरवावे लागते.

जन्मतः पिलाचे वजन साधारण 100 ग्रॅम असते आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत ते आठवड्याला सुमारे 100 ग्रॅम या वेगाने वाढते, म्हणजे जन्माच्या वेळी जेवढे त्याचे सगळे शरीर होते तेवढे ते दर आठवड्याला नव्याने उभे करीत असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते आईच्या दुधाखेरीज मऊ अन्न चाटू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध जवळजवळ सुटलेले असते. दहा आठवड्यांच्या पिलाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी लागतात, तर दहा महिन्यांच्या मांजराला दर किलोमागे 80च्या आसपास पुरतात. किलोकॅलरी हे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे एकक असून बोलण्यात तिलाच कॅलरी म्हटले जाते. वजन वाढत असताना दर किलोची गरज मात्र घटत जाते, आणि या दोन उलट दिशांच्या ओढीतूनच मापाचा चढ-उतार निर्माण होतो.

या हिशोबासाठी पशुवैद्य ज्या सूत्राचा आधार घेतात, त्याचे मूळ माक्स क्लायबर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडलेल्या निष्कर्षात आहे. प्राण्याचे वजन दुप्पट झाले म्हणून त्याचा ऊर्जेचा खर्च दुप्पट होत नाही, तर तो वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने दाखवले. कागदावर हे करायचे तर किलोमधले वजन तीन वेळा मांडून त्यांचा गुणाकार करावा, येणाऱ्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्याला 70ने गुणावे. चार किलोच्या मांजरासाठी 64, त्याचे वर्गमूळ 8, त्याचे वर्गमूळ 2.83 आणि त्यावरून सुमारे 198 किलोकॅलरी असे उत्तर येते. ही नुसत्या विश्रांतीच्या अवस्थेतली गरज झाली. तिला वय आणि अवस्था यांनुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, ज्याला गुणक म्हणता येईल. जोमाने वाढणाऱ्या पिलासाठी हा गुणक 2.5 धरतात, वाढ मंदावते तसा तो उतरवत नेतात आणि निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ मांजरासाठी 1.2वर आणतात. या रीतीने एक किलोच्या पिलाला 175, दोन किलोच्या पिलाला सुमारे 294 आणि चार किलोच्या प्रौढ मांजराला सुमारे 238 किलोकॅलरी लागतात. 100 ग्रॅममध्ये 380 किलोकॅलरी असलेले सुके दाणेदार खाद्य घेतले, तर हेच आकडे अनुक्रमे 46, 77 आणि 63 ग्रॅम असे होतात. पाकिटातल्या ओल्या खाद्यात बहुतांश पाणीच असल्याने त्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 70 ते 100 किलोकॅलरीच असतात, त्यामुळे दोन्ही प्रकार मिळून देणाऱ्या घरांनी ग्रॅमची बेरीज न करता ऊर्जेची बेरीज करणे आवश्यक ठरते.

सूत्रातून येणारा आकडा हा केवळ आरंभबिंदू असतो. सारख्या वयाच्या आणि सारख्या वजनाच्या दोन मांजरांची प्रत्यक्ष गरज बरीच वेगळी असू शकते, कारण एक दिवसभर खिडकीत बसून असते आणि दुसरे घरभर धावत असते. पाकिटावरच्या तक्त्यालाही हीच मर्यादा आहे. शिवाय पिलांसाठीच्या काही तक्त्यांत पिलाचे आजचे वजन न देता प्रौढपणी ते किती होईल याचा अंदाज धरलेला असतो, आणि ही बारीक अक्षरांतली ओळ न वाचता माप घेतले तर ते पहिल्याच दिवशी चुकते. आपल्याकडच्या देशी मांजरांच्या, विशेषतः भाटीच्या बाबतीत हा अंदाज जपून करावा लागतो, कारण पुष्कळशा देशी भाट्या तीन किलोच्या आतबाहेरच पूर्ण वाढतात, आणि चार किलोच्या रांगेतले माप त्यांना रोज जास्त पडते.

मोजण्याच्या साधनाविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे योग्य होईल, कारण सगळ्या हिशोबाची मदार त्याच्यावर आहे. बहुतेक घरांत खाद्य मुठीने, वाटीने किंवा दुकानातून मिळालेल्या प्लास्टिकच्या पेल्याने घातले जाते. वाटी शीग लावून भरली की सपाट भरली, दाणे बारीक की मोठे, भरणारा हात सकाळच्या घाईतला की संध्याकाळचा निवांत, यांवर तीच वाटी निरनिराळे वजन दाखवते. वाढत्या पिलाला पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. प्रौढ मांजराच्या 60 ग्रॅमच्या मापात मात्र पाच ग्रॅम म्हणजे बाराव्या हिश्श्याची चूक असते. दिवसाला केवळ 10 किलोकॅलरी, म्हणजे तीन ग्रॅमहूनही कमी दाणे, जास्त पडत राहिले तर वर्षअखेर 3,650 किलोकॅलरी साठतात, आणि एक किलो चरबीमागे 7,700 किलोकॅलरी धरल्यास कागदावर जवळजवळ अर्धा किलो चरबी होते. चार किलोच्या प्राण्याच्या दृष्टीने हे ओझे लहान नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ही चूक टाळतो. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, दिवसभराचे दाणे सकाळी एकदाच तोलून झाकणाच्या डब्यात काढावेत आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच डब्यातून घालावे, ही पद्धत एकत्र कुटुंबात विशेष उपयोगी पडते, कारण आजीने घातलेले आणि नातवाने घातलेले एकमेकांना कळत नाही अशी स्थिती तिथे उरत नाही.

त्याच काट्यावर पिलाचेही वजन होते. काट्यावर खोलगट डबा किंवा टोपली ठेवून काटा शून्यावर आणला, तळाशी ओळखीचे फडके घातले आणि पिलाला त्यात बसवले की क्षणभर ते स्थिर राहते, आणि तेवढ्यात आकडा वाचून घ्यावा लागतो. हे आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, खाण्याआधी करावे. पिल्लू काट्यावर मावेनासे झाले की माणसाने त्याला उचलून माणसांच्या काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. या रीतीत सूक्ष्मता कमी असते, परंतु तोवर आठवड्याच्या फरकापेक्षा महिन्याचा फरकच महत्त्वाचा झालेला असतो. वहीत ओळीने लिहिलेली वजने पाहिली की वाढीची चाल दिसते: आरंभी ठाम पावलांनी चढणारे आकडे, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर आखडत गेलेले फरक आणि दहाव्या महिन्याच्या सुमारास जवळजवळ थांबलेली रेषा. जो आठवडा वाढीविना जातो तो लहान पिलाच्या बाबतीत जंत, अतिसार किंवा अपुरे अन्न यांची पहिली सूचना असू शकतो, आणि केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती बरेच दिवस कळत नाही.

वजनाचा आकडा एकटा मात्र पुरेसा नसतो. तो स्नायूंचा आहे की चरबीचा हे हात लावूनच कळते. यासाठी नऊ पायऱ्यांची शरीरस्थितीची मोजपट्टी वापरतात, जी डॉटी लाफ्लाम या पशुवैद्यक संशोधिकेने मांजरांसाठी तपासून 1997 मध्ये प्रसिद्ध केली. पहिली पायरी हाडे दिसण्याइतक्या कृश मांजराची, नववी अतिस्थूल मांजराची आणि पाचवी योग्य अंगाची असते. तपासताना दोन्ही तळवे छातीच्या दोन बाजूंना टेकवून बोटे हलकेच मागेपुढे फिरवावीत. उताणा पंजा पालथा करून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवले असता हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर मांजर ठीक आहे; मूठ वळल्यावर उठून येणाऱ्या सांध्यांसारख्या त्या टोचल्या तर अन्न कमी पडते आहे, आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखे सारे मऊच लागले तर जास्त होते आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर किंचित आत गेलेली दिसावी. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची सैल घडी मात्र चरबी समजू नये, कारण सडसडीत मांजरांनाही ती असते, आणि तिच्याकडे पाहून माप कमी केल्यास निरोगी मांजर उपाशी राहते.

जेवणाच्या वेळांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पिलाचे पोट लहान आणि गरज मोठी असल्याने चार महिन्यांपर्यंत दिवसाचे माप तीन-चार वेळांत विभागावे, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळांत आणि पुढे दोन वेळांत दिले तरी चालते. मध्येच एक अडथळा येतो. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान 26 दुधाचे दात पडून 30 कायमचे दात येतात, हिरड्या दुखतात आणि पिल्लू कडक दाणे तोंडातून टाकून देते. अशा वेळी माप न घटवता दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. भिजवलेले आणि ओले खाद्य एप्रिल-मेच्या उकाड्यात फार वेळ उघडे ठेवता येत नाही, आणि कोकणातल्या व मुंबईतल्या पावसाळ्यात सुके दाणेही हवेतला ओलावा शोषून मऊ पडतात व त्यांचा वास उडतो. मांजर वासावर जेवणारे असल्याने ते तोंड फिरवते, घरातले लोक काळजीने चवीचे काहीतरी वर घालतात आणि मापाची शिस्त मोडते. घट्ट झाकणाचा डबा एवढाच त्यावरचा उपाय आहे.

सर्वांत महत्त्वाचे वळण निर्बीजीकरणाचे आहे, आणि नेमके तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. पिल्लू साधारण पाच-सहा महिन्यांचे असताना ही शस्त्रक्रिया होते. लैंगिक संप्रेरके, म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात उतरणारी नियामक द्रव्ये, कमी झाल्यावर ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र काही दिवसांतच वाढते. त्याच सुमारास वाढीचा वेगही ओसरू लागलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत मांजर मलूल असते, घरातल्यांच्या मनात दया असते आणि वाटी जास्त भरली जाते. ते हुशार होऊन मागू लागले की त्याची भूक परत आल्याचे समाधान वाटून आणखी भरली जाते. टाके निघाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, वजन व बरगड्या तपासत, माप टप्प्याटप्प्याने उतरवावे. या काळात अन्नाचा दर्जा उतरवायचा नसतो, कारण हाडे आणि स्नायू अजून घडत असतात. म्हणून पिलांसाठीचे खाद्यच कमी ग्रॅममध्ये देणे इष्ट असते. मांजराच्या मागणीला येथे प्रमाण मानता येत नाही. ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की अन्न मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरीत उंच पट्टीचा, रडण्याशी साम्य असलेला स्वर मिसळतात आणि माणसांना तो अधिक निकडीचा वाटतो. ज्या आवाजापुढे घर विरघळते तो आवाज पोट रिकामे असल्याचा पुरावा नसतो.

घरच्या अन्नावर वाढणाऱ्या पिलांचा विचार महाराष्ट्रात स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण दूध-पोळी, दहीभात, मासळीची डोकी किंवा उकडलेली कोंबडी यांवर आजही असंख्य पिले वाढतात. येथे माप वाढवून उणीव भरत नाही. मांजर हा मांसाहारावर पूर्णतः अवलंबून असलेला प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, आणि त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू कसे निकामी होतात हे पॉल पायन व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये सिद्ध केले. दूध-पोळीत टॉरिन नगण्य असते, आणि मोठ्या होणाऱ्या पिलांना दुधातली शर्करा पचेनाशी होऊन जुलाब होतात. नुसत्या कोंबडीच्या मांसात फॉस्फरस विपुल आणि कॅल्शियम अत्यल्प असल्याने शरीर रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते ओढते, आणि पोटभर जेवणाऱ्या, गुबगुबीत दिसणाऱ्या पिलाचे पाय उडी मारताना मोडतात. प्रेमाने वाढलेल्या वाटीमुळे असे व्हावे, ही फार वेदनादायक गोष्ट आहे. घरचे अन्न द्यायचेच असेल तर ते पशुवैद्याकडून पूरक द्रव्यांसह ठरवून घ्यावे आणि त्यात कांदा-लसूण कधीही नसावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

बारा महिन्यांच्या सुमारास पिलांचे खाद्य बदलून प्रौढांचे सुरू करतात. मेन कूनसारख्या थोराड जातींत हे आणखी पुढे ढकलावे लागते. जुन्यात नवे मिसळत आठवडाभरात हा पालट करावा आणि नव्या पाकिटावरची ऊर्जा पाहून ग्रॅम पुन्हा काढावेत. मधल्या काळात मांजर जाड झालेच असेल, तर त्याला उपाशी ठेवून उतरवणे धोक्याचे असते, कारण स्थूल मांजराने दोन-तीन दिवस खाल्ले नाही तरी अंगातली चरबी यकृतात साचून प्राणघातक विकार होऊ शकतो. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरेशी असते. अंग योग्य असताना घेतलेले वर्षाचे वजन लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून ठेवावे. तोवर वजन पाहून माप बदलले जात होते; यापुढे माप ठरलेले राहते आणि महिन्यातून एकदा वजन पाहिले जाते, त्यामुळे वाटी तीच असताना वजन दहा टक्क्यांनी उतरले किंवा चढले, तर मापाला हात न लावता मांजराला पशुवैद्याकडे न्यावे.