लांब पानांचा चिनी हिरवा चहा: ताईपिंग होउकुई

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते, साधारण त्याच दिवसांत चीनच्या आन्हुई प्रांतात, हुआंगशान डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी हा चहा खुडला जातो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंतच. पाने चक्क बोटभर लांब, ५ ते ७ सेंटिमीटर! दोन पाने आणि मधली कळी एकत्र तोडतात, कढईत परततात, मग एकेक कोंब जाळीवर सरळ मांडून दाबतात आणि टप्प्याटप्प्याने वाळवतात. अस्सल माल होउकेंग आणि आसपासच्या मोजक्या गावांचाच. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. नकलाही पुष्कळ आहेत. कागदासारखी अतिचपटी, भडक हिरवी पानं दिसली तर मी घेत नाही.

करायचा कसा? उंच काचेचा ग्लास घ्या, कारण पानं उभी राहायला हवीत. २०० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम पानं, देठ खाली. बोअरचं जड पाणी नको, चव मरते, फिल्टरचं वापरा. उकळलेलं पाणी दोन-तीन मिनिटं निवू द्या, ८० ते ८५ अंश पुरे. आधी तृतीयांश ओता, पानं भिजली की उरलेलं. दोन-तीन मिनिटांत प्या. तळाशी थोडा चहा ठेवून पुन्हा पाणी घाला, तीनदा तरी चव येते. दूध-साखर अजिबात नको, ऑर्किडसारखा मंद सुगंध हरवतो.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून पुडा हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवा.