बैलाच्या पोटात कॅमेरा

चरणाऱ्या गुरांना पक्षी सहसा भीत नाहीत. माणूस दिसला की मात्र भुर्रकन उडतात. इंग्लंडची कुरणे तुडवणाऱ्या रिचर्ड व चेरी कीअर्टन या भावांनी हेच हेरले. घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र त्यांनी १८९२ मध्येच घेतले होते. पण पक्षी जवळून कसा टिपायचा? १९०० च्या सुमारास त्यांनी कातड्याचा पोकळ बैल बनविला आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरले!

लपण्यात पक्ष्याचेही हित आहे. घाबरून मादी फार वेळ दूर राहिली, तर अंडी गार पडतात व आतला जीव मरतो. म्हणूनच ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने घरट्यातील खंड्याला मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा ठरविला. तुम्हीही कॅमेरा घेऊन निघाल, तेव्हा पक्षी अस्वस्थ होताच मागे फिरा. छायाचित्र पुन्हा मिळेल, पिल्लू नाही.