पाहुणचाराचें ऋण

पाहुणचार म्हणजे पक्वान्नें आणि मऊ अंथरूण, असा शहरांतील पुष्कळांचा समज असतो. खेड्यांत मात्र त्याला क्रम आहे, नियम आहेत आणि त्यामागें सबळ कारणेंहि आहेत. तीं प्रत्येक पाहुण्यानें समजून घ्यावींत, असें आम्हांस वाटतें.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत केळापूर, मारेगांव, झरी-जामणी इत्यादि तालुक्यांत कोलाम लोक राहतात. त्यांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. त्यांची कोलामी भाषा गोंडी व तेलुगु यांच्याप्रमाणेंच द्राविड कुळांतील आहे. पोडांत चावडी असते. गांवची पंचायत तेथेंच बसते आणि परक्या वाटसरूसहि प्रथम तेथेंच बसवितात.

एका श्रावणांत नाल्यास पूर आल्यामुळें केळापूर तालुक्यांतील अशाच एका पोडांत आम्हांस रात्र काढावी लागली. आधीं पाण्याचा तांब्या आला, मग खाट आली. आणि पाणी पिऊन झाल्यावरच ‘कोण, कुठले’ ही विचारपूस झाली. नंतर एका शेतकऱ्यानें आम्हांस घरीं नेलें. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण व तरोट्याची भाजी आमच्यापुढें आली. आम्ही जेवून उठेपर्यंत घरचें कोणीहि पानावर बसलें नाहीं.

श्रावण हा कोरडवाहू शेतकऱ्याचा ओढीचा महिना होय. हातचा पैसा पेरणींत गेलेला असतो. कापूस दसऱ्याच्या सुमारास वेचणीस येतो आणि ज्वारी त्याहूनहि पुढें. त्या रात्रीं कणगीच्या तळाशीं सूप घासल्याचा आवाज आम्हीं ऐकला. ताटांतील भाकरीची खरी किंमत आम्हांस तेव्हां कळली.

मग इतक्या ओढींतहि लोक परक्यास कां वाढतात? पूर्वीं रानांतील वाटेवर खाणावळ नव्हती कीं धर्मशाळा नव्हती. आजचा यजमान उद्यां बाजारास निघाला म्हणजे तोच कोणाचा तरी पाहुणा होई. पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांवरहि हीच रीत आढळते. तेथील जुन्या धर्तीचीं घरें भिंतींवांचून नुसत्या खांबांवर उभीं असतात. पाहुण्यास चटईवर बसवून आधीं वाढतात, आणि घरचीं माणसें मागाहून जेवतात.

सकाळीं आम्हीं पैसे पुढें केले. यजमान हंसून म्हणाले, “पैसे दुकानात द्या लागते, घरात नाई.” तेव्हां आम्हीं एका कागदावर आमचा यवतमाळचा पत्ता लिहून दिला. पुढील हिवाळ्यांत ते आजारी मुलास घेऊन दवाखान्यांत आले आणि चार दिवस आमच्या घरीं राहिले. त्यांच्यासाठीं आम्हीं विशेष कांहीं केलें नाहीं. प्रथम पाणी दिलें आणि आमच्या आधीं त्यांस वाढलें.

विद्यार्थिमित्रांनो, पाहुणे म्हणून जाल तेव्हां पानांत टाकूं नका, घरांत काय आहे हें पाहून मागा आणि निघतांना आपला पत्ता ठेवून या. पालकांसहि आमची विनंति आहे: खेड्यांतून रोग्यासोबत आलेले आप्त रात्रीं दवाखान्याबाहेर पथारी पसरून बसलेले दिसतात. त्यांपैकीं एखाद्याच्या घरीं आपलें मूल उद्यां पुरामुळें अडकून पडेल, हें ध्यानांत ठेवून त्यांची विचारपूस करावी.