प्रश्नावलीतला एक प्रश्न

१९८९ साली अमेरिकी आरोग्य खात्याच्या कृती गटाने किशोरवयीनांच्या आत्महत्यांवर अहवाल काढला. त्यात पॉल गिब्सन यांचं एक प्रकरण होतं. समलिंगी मुलामुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतरांच्या दोन-तीन पट आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आरोग्यमंत्री लुईस सुलिवन यांनी ही खात्याची भूमिका नव्हे, म्हणून हात झटकले. गिब्सन यांचे आकडे कच्चे होते हे खरंच. पण पक्के आकडे येणार कुठून? देशपातळीवर मुलांना त्यांचा लैंगिक कल कोणी विचारतच नव्हतं.

१९९१पासून सीडीसी ही केंद्रीय आरोग्यसंस्था दर दोन वर्षांनी शाळांमध्ये पाहणी करू लागली. एका तासात, नाव न घालता भरायची प्रश्नावली. गेल्या तीस दिवसांत किती दिवस दारू प्यायलात? सलग दोन आठवडे रोजची कामं सुटावीत इतकं उदास वाटलं का? लैंगिक कलाचा प्रश्न मॅसॅच्युसेट्सने १९९५ साली आपल्या राज्यापुरता घातला. देशभराच्या प्रश्नावलीत तो यायला २०१५ उजाडलं. उत्तरं आली तेव्हा समलिंगी व उभयलिंगी विद्यार्थ्यांपैकी २९ टक्क्यांनी वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं नोंदवलं होतं. भिन्नलिंगी विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं.

मधल्या काळात कारणांचा शोध मुलाच्या मनातून बाहेर पडून भोवतालाकडे वळला. इलान मायर यांनी २००३ साली मांडलं की, सततची हेटाळणी आणि लपवाछपवी यांचा ताणच माणसाला आजारी करतो. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन रायन यांनी थेट घरात डोकावून पाहिलं. २१ ते २५ वयाच्या २२४ गोऱ्या व लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) तरुणांना त्यांनी विचारलं, तुमचा कल कळल्यावर घरचे कसे वागले? मारहाण झाली का, समारंभातून वगळलं का, शाळेत कोणी छळलं तर 'तुझंच चुकलं' म्हणाले का? ज्यांना घरच्यांनी सर्वांत जास्त झिडकारलं होतं, त्यांच्यात तीव्र नैराश्याची शक्यता ५.९ पट आणि अमली पदार्थांच्या वापराची ३.४ पट निघाली. सर्वाधिक झिडकार लॅटिनो मुलग्यांनी सोसला होता.

लॅटिनो समाजात कुटुंब म्हणजे सर्वस्व. परक्या देशात कामधंदा, भाषा, कागदपत्रं यांची ओढाताण असताना आजी-मावश्यांचा गोतावळाच मुलाला सावरतो. त्यामुळे तोच तुटला, तर जायला दुसरं दार नसतं. मात्र रायन यांच्या चमूने घरच्यांना खलनायक ठरवलं नाही. आईवडिलांसाठी त्यांनी स्पॅनिशमध्येही पुस्तिका काढली: पटत नसेल तरी मुलाला जेवणाच्या टेबलावरून उठवू नका, इतक्या साध्या वळणाची.

सीडीसीच्या पाहणीत २०१३ ते २०२३ या दशकाने एक जुनं गणित मोडलं. दारू पिणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून २२वर आलं, गांजाही घटला. सततची उदासी मात्र ३०वरून ४० टक्क्यांवर गेली. नशा सुटली की मन आपोआप सावरेल, ही समजूत टिकली नाही. २०२३मध्ये लॅटिनो विद्यार्थ्यांत ही उदासी ४२ टक्के होती, तर एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांत ६५ टक्के. सारांश अहवालात हे दोन वेगळे रकाने. जो मुलगा दोन्हींत मोडतो, तो दोन्हीकडे मोजला जातो, पण त्याचा स्वतःचा रकाना नाही.

२०२५च्या जानेवारीत नव्या सरकारच्या आदेशांनंतर या पाहणीची पानं संकेतस्थळावरून उतरवली गेली. न्यायालयाने सांगितल्यावर ती परत आली. जुलैमध्ये ९८८ या मदतवाहिनीवरचा एलजीबीटीक्यू तरुणांसाठीचा खास पर्याय बंद झाला. आकडेवारी उभी करायला तीन दशकं लागली. ती मोडायला एक आदेश पुरतो. पुढची प्रश्नावली कोणते प्रश्न घेऊन वर्गात जाते, त्यावर या मुलांचा पुढचा मागोवा घेता येईल की नाही, हे ठरेल.